रशियन लोकांना पुतिनच का पाहिजे?

मांद्रेवाला:
आमच्या गोव्यात मोरजी-हरमल साइडला सीझनमध्ये रशियन किती असतात ते सगळ्यांना माहीत आहे. त्यातले एक साठीचे काका दरवर्षी आमच्याकडेच रूम घेतात, रिटायर्ड इंजिनियर. त्यांना सहज विचारलं की तुमच्याकडे इलेक्शन नावालाच, राग नाही येत? तर म्हणतात लोकशाही आम्ही नव्वदच्या दशकात बघितली, पुरे झाली. कम्युनिस्ट जाऊन एवढी वर्षं झाली तरी शिकलेल्या माणसाला पण एकच खमक्या का लागतो?

फोंडा_वाचक:
काका खोटं नाही बोलत रे. जानेवारी १९९२ ला सरकारने भावांवरचं नियंत्रण काढलं आणि त्या एका वर्षात किमती पंचवीसेक पट झाल्या, जन्मभराची बचत बँकेत पडल्या पडल्या रद्दी. कारखाने मूठभर लोकांच्या घशात, पगार महिनोन्महिने नाही, वर १९९८ ला सरकारनेच कर्ज बुडवलं, आणि ह्या सगळ्याचं नाव लोकशाही. ३१ डिसेंबर १९९९ ला पुतिन खुर्चीवर आला, नशिबाने तेलाचे भाव चढले, पगार-पेन्शन वेळेवर. मत काय तेलाला देणार?

डिचोली_कट्टा:
हे अर्धंच झालं. एस्टोनिया, लिथुआनियात पण १९९२ ला महागाईने कंबरडं मोडलेलं, मग ते कसे २००४ ला युरोपियन युनियनमध्ये गेले? त्यांच्यासाठी सोव्हिएत म्हणजे १९४० ला घुसलेले परके, ते गेले ह्या आनंदात लोकांनी हाल सोसले. रशियाचे हाल पण झाले आणि साम्राज्य पण गेलं, हा सल वेगळा. शिवाय २००१ ला एनटीव्ही हे खाजगी चॅनल सरकारच्या ताब्यातल्या गाझप्रॉम गॅस कंपनीने घेतलं, मोठे चॅनल सगळे सरकारच्या मुठीत, मग नव्वदचं भूत विसरू कोण देणार? आमचे आजोबा पण सांगायचे पाखल्यांच्या (पोर्तुगीजांच्या) वेळी दाराला कडी लागत नव्हती. लग्नाची पत्रिका छापायला पण परवानगी लागायची, हे मात्र खोदून विचारल्यावर.

मांद्रेवाला:
आजोबांचं एकदम पटलं 😄 पण मग हंगेरी? तिथे पण लोकांनी ओर्बानसारखा खमक्याच निवडला, आणि तिथे तर पुतिनसारखा केजीबीवाला (सोव्हिएत गुप्तहेर) कोण नव्हता.

फोंडा_वाचक:
तिथे २००६ ला पंतप्रधानाची टेप फुटली, आम्ही सकाळ-संध्याकाळ खोटं बोललो असं स्वतःच्या पार्टीला सांगतोय. त्यात २००८ च्या मंदीत स्विस फ्रँकमध्ये घेतलेल्या होमलोनचे हप्ते फुगले. २०१० ला ओर्बानला दोन-तृतीयांश जागा, तेवढ्यावर अख्खी घटना बदलली, सगळं कायद्यात बसवून.

डिचोली_कट्टा:
आणि सपोर्ट सपोर्ट म्हणतो तो मोजायचा कसा ते पण बघ. बेलारूसचा राष्ट्राध्यक्ष लुकाशेन्को १९९४ ला खरोखर निवडून आलेला, भ्रष्टाचार साफ करतो म्हणून. २०२० ला त्याच बेलारूसमध्ये लाखभर लोक रस्त्यावर आले आणि हजारोंना आत टाकलं. तिथे आता कोणी दार वाजवून विचारलं साहेब कसे वाटतात, तर तू काय सांगशील?