मदत हवी आहे: ऑर्किडसाठी केवढी कुंडी आणि त्यात काय भरायचं?

नमस्कार मंडळी,

ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर पूर्वेची बाल्कनी आहे. ऊन सकाळी साडेनऊपर्यंत, नंतर नुसता उजेड. मार्चमध्ये दोन ऑर्किड आणली. एक फॅलेनॉप्सिस, म्हणजे रुंद पानांचं, भेट म्हणून देतात ते. दुसरं डेंड्रोबियम.

फॅले इवल्याशा पारदर्शक कुंडीत होतं, मुळं काठावरून बाहेर लोंबत होती. मला दया आली. ८ इंची चकचकीत सिरॅमिकची कुंडी आणली, कोकोपीट आणि मूठभर घरचं खत घालून त्यात हलवलं. जूनपर्यंत बरं होतं. मग पानं सुरकुतायला लागली. पाणी कमी पडतंय असं समजून मी ते वाढवलं (हसू नका).

काल उपटून पाहिलं. मूळ चिमटीत धरलं तर साल मोज्यासारखी सुटून हातात आली, आत नुसता दोरा. आणि बुंध्याखाली अगदी मधोमध लिंबाएवढा मॉसचा (शेवाळाचा) गोळा, पिळला तर पाणी निघेल असा! तो नर्सरीतूनच आला होता, मला पत्ताच नव्हता. आता ३ पानं आणि ४ धड मुळं उरलीत, सगळ्यात लांब मूळ माझ्या तर्जनीएवढं.

याला आता केवढी कुंडी? भरायचं काय? ऑनलाइन पाइनची साल दिसते, पण किंमत बघून पान बंद केलं. डेंड्रोबियम अजून त्याच ४ इंची प्लास्टिकमध्ये आहे, जरा वारा आला की आडवं. तेही हलवू का? सासूबाई म्हणतात, "बांडगुळाला कुंडी कशाला, आंब्याला बांध." आंबा गावाला, आम्ही इथे.

गच्चीवरचा माळी:
पाणी कमी नव्हतं हो, पिणारी मुळंच उरली नव्हती. म्हणून पानं सुकली. बहुतेकांचं पहिलं ऑर्किड असंच जातं, माझंही गेलं.

कुंडी पानांकडे बघून घ्यायची नाही. धड मुळं अलगद गोळा करा, ती जेमतेम मावून भोवती बोटभर जागा राहील एवढीच घ्या. तुमच्या वर्णनावरून ४ इंच पुष्कळ झाली, ३ सुद्धा चालेल. मोठ्या कुंडीत मधला भाग आठवडा-आठवडा वाळत नाही आणि मुळं गुदमरतात. पारदर्शक असेल तर उत्तम: मुळं हिरवी दिसली की ओल आहे, चंदेरी झाली की पाणी द्या. पार्सलचा पारदर्शक डबा घेऊन तापवलेल्या स्क्रू ड्रायव्हरने तळाला आणि बाजूंना भोकं पाडलीत तरी काम होतं.

मऊ मुळं कापून टाका, कात्री आधी ज्योतीवर धरून. कापल्या जागी दालचिनीची पूड लावा, पण जिवंत मुळांना नको, ती सुकतात. माती, शेणखत, कोकोपीट काहीही घालायचं नाही. मी सालीचे तुकडे आणि कोळसा निम्मे-निम्मे घेतो, वर चिमूटभर मॉस. पुण्यात हवा कोरडी, म्हणून मॉस.

सोडणवाला:
ठाण्यात ऑगस्टमध्ये मॉस? नको! आम्ही रत्नागिरीकडचे, पावसात आमच्याकडे नुसता कोळसा आणि विटांचे रोडे. साल महाग वाटत असेल तर नारळाचं सोडण घ्या, अंगठ्याच्या पेराएवढे तुकडे करा. चार-पाच दिवस भिजत ठेवा, रोज पाणी बदला. चहासारखं पाणी निघायचं थांबलं की वापरा. पण सोडण ओल धरतं, म्हणून तुमच्याकडे एक भाग सोडण आणि दोन भाग कोळसा. दोनेक वर्षांत त्याचा लगदा होतो, तेव्हा बदलायचं.

सासूबाईंना सांगा, बांडगूळ झाडाचा रस पितं, आमरी, म्हणजे ऑर्किड, नुसती फांदीवर बसते. आंब्याला बांधायचा सल्ला मात्र खरा आहे त्यांचा. आमच्या आंब्यावर सीतेची वेणी नावाची आमरी आहे, मुळं उघड्या सालीला चिकटलेली. धो धो भिजतात आणि पाऊस थांबला की वाऱ्याने वाळतात. कुंडीत तेवढंच जमवायचं असतं.

धागाकर्ती:
दोघांचे आभार! कोळसा कुठला? शेगडीतला उरलेला चालेल? आणि डेंड्रोबियमचं राहिलं.

सोडणवाला:
जळून राख धरलेला नको. न पेटवलेला लाकडी कोळसा, इस्त्रीवाल्याकडे मिळेल. बार्बेक्यूच्या एकसारख्या वड्या घेऊ नका. फोडून धुवा, नाहीतर बाल्कनी काळी होईल.

गच्चीवरचा माळी:
डेंड्रोबियमला घट्ट कुंडीच आवडते. आडवं पडतं म्हणून मोठी कुंडी देऊ नका, आहे ती कुंडी तशीच एका जड मातीच्या कुंडीत उभी करा, तळाशी पाणी साचू न देता. नवा कोंब येऊन त्याला मुळं फुटायला लागली की हलवा, एखाद इंच मोठ्या कुंडीत. पानं गळालेल्या जुन्या कांड्या कापू नका, साठा त्यांच्यातच असतो, कधीकधी फूलही येतं.

धागाकर्ती:
रात्री उरकलं. ३ मुळं ४ इंचीत बसली, चौथं आत वळवताना कट्कन मोडलं. सोडण अजून भिजतंय, म्हणून सध्या नुसता कोळसा आणि रोडे. पण झाड डगमगतंय, धरायला मुळंच नाहीत.

सोडणवाला:
मूळ वळवायच्या आधी दहा मिनिटं पाण्यात ठेवायचं, मऊ पडतं. आता कुंडीत काठी रोवून बुंधा सुतळीने सैलसर बांधा. हलत राहिलं तर नव्या मुळाचं टोक कोळशावर घासून मरतं. दोन-तीन दिवस पाणी नको, नंतर दिलंत तरी पानांच्या बेचक्यात साचू देऊ नका. खत नवीन मूळ दिसल्यावरच.