शिलाफलकाच्या कोऱ्या जागेत बसरा-बर्मात मेलेल्यांची नावं घालायची का?

जुना_सातबारा
2023 च्या ऑगस्टात 'मेरी माटी मेरा देश' या सरकारी मोहिमेचे, देशासाठी मेलेल्यांच्या नावांचे शिलाफलक ग्रामपंचायतींसमोर बसले. ज्या गावाला नावं सापडली नाहीत, तिथे खालची जागा कोरीच राहिली. माझं मत असं की दोन्ही महायुद्धांत गावातून गेलेले आणि मेसोपोटेमिया, इजिप्त, इटली, बर्मा, सिंगापूरला मेलेले जवान त्या जागेत यावेत.

पहिल्या युद्धात हिंदी फौजेतले सुमारे 74 हजार मेले, दुसऱ्यात सुमारे 87 हजार. इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या शिपायाचं नाव कोरलं. आपल्यातल्या फक्त अधिकाऱ्यांची नावं आली, बाकीचे पलटणीखाली 'आणि इतर इतके' म्हणून मोजले. महाराष्ट्रातल्या काही गावांत त्या काळच्या संगमरवरी पाट्या आहेत, 'या गावातून इतके महायुद्धास गेले, पैकी इतके कामी आले'. तिथेही आकडाच. गावानं तरी नाव लिहावं.

वर्धाकाठ
माझा विरोध आहे आणि तो भावनेचा नाही, फलकावरच्या मजकुराचा आहे. वर 'वीरांना वंदन' लिहिलंय. आता विदर्भाचाच 1942 चा ऑगस्ट बघा. 16 तारखेला चिमूरला गोळीबार, त्याच महिन्यात आष्टीलाही. चिमुरात नंतर घुसलेल्या फौजेनं बायांवर जे अत्याचार केले, त्याच्या चौकशीसाठी गांधीजींचे सहकारी प्रा. भन्साळींना 63 दिवस उपोषण करावं लागलं. त्याच महिन्यात त्याच सरकारचा पगार घेऊन कोणी इजिप्तच्या वाळवंटात बंदूक धरून असेल, तर दोघांना एका दगडावर एकाखाली एक कसं लिहिणार?

पहिल्या युद्धानंतर मेलेल्याच्या घरी ब्राँझची चकती यायची, साधारण 12 सेंटीमीटर व्यासाची. तिच्यावर जवानाचं नाव, हुद्दा नाही, आणि कडेनं इंग्रजीत वाक्य: स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी तो मेला. 1919 साली कोणाचं स्वातंत्र्य? तेव्हाचं खोटं ब्राँझवर होतं, आता तेच ग्रॅनाइटवर कशाला?

कामठी_लाइन
वर्धाकाठ, 'सरकारचा पगार' इतकं सोपं नाही. 1892-93 च्या सुमारास इंग्रजांनी महारांची भरतीच बंद केली. पहिल्या युद्धात माणूस कमी पडला तेव्हा 1917 ला '111 महार' ही पलटण उभी केली आणि 1921 ला मोडून टाकली. 1941 च्या जुलैत डॉ. आंबेडकर संरक्षण सल्लागार समितीवर गेले, ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन निघाली, दुसरी आपल्या कामठीत. ज्या वस्तीला सार्वजनिक विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, तिच्यासाठी ती वर्दी हक्कानं मिळवलेली होती. तुमच्या निकषानं ते सगळे इंग्रजांचे चाकर ठरतात. मग त्या काळचा पोलीस पाटील, पटवारी, शाळामास्तर कोण होते? त्यांच्या नावाच्या पाट्या गावात आहेतच की.

पऱ्हाटी
काहून भांडून राहिले राजेहो. 1930 च्या आगंमागं कापसाचा भाव पडला, वावर सावकाराकडे गहाण पडलं. भरती लागली तं पोट्टं गेलं. त्याले ना इंग्रज प्यारा होता, ना हिटलर माहीत होता. हुतात्मा म्हणा का नका म्हणू, मेला कुठं ते तं लिहा.
पन माहा सवाल दुसराच हाय. 'तुकाराम' गावात चार असतीन, अन् वडगाव तं जिल्ह्यात धा. कोनता तुकाराम कोनत्या वडगावचा, हे ठरवन कोन?

जुना_सातबारा
पऱ्हाटी, हाच खरा प्रश्न आहे आणि बहुतेकांची चूक इथेच होते.

सुरुवात कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (युद्धात मेलेल्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या) फुकट शोधयादीतून करा. आडनाव टाकू नका, कारण हिंदी जवानाच्या नोंदीत ते बहुधा नसतंच. नाव आणि बापाचं नाव एवढंच असतं. आधी 'भारतीय सैन्य' निवडा, मग 'अधिक माहिती'च्या रकान्यात जिल्हा टाका, तोही तेव्हाच्या स्पेलिंगात. अमरावतीत 'व्ही' नाही: ए-एम-आर-ए-ओ-टी-आय. यवतमाळ वाय-ई-ओ-टी-एम-ए-एल. चंद्रपूर नाही, चांदा. गडचिरोलीचा जिल्हा 1982 चा, वाशीम 1998 चा, गोंदिया 1999 चा. तिथली गावं अनुक्रमे चांदा, अकोला, भंडारा यांत शोधा. गावाचं नाव कारकुनानं कानावर पडलं तसं लिहिलंय, म्हणून पूर्ण नाव न टाकता पहिली चार अक्षरं टाका.

नोंद मिळाली की नंबर, हुद्दा, पलटण, तारीख, स्मारक हे पाचही उतरवून घ्या. थडगं दिसलं नाही म्हणून नोंद खोटी समजू नका. हिंदू-शीख जवानांना अग्नी दिला जाई, त्यांचं नाव दहनस्मारकावर किंवा भिंतीवर असतं: बर्मातल्या तौक्क्यानच्या रंगून स्मारकावर जवळपास 27 हजार, सिंगापूरच्या क्रांजीला 24 हजारांवर. 'दिल्ली-कराची स्मारक' दिसलं, तर तो बहुधा लढाईच्या क्षेत्राबाहेर वारलेला. त्याला 'परदेशी कामी आला' लिहू नका. या यादीची मुदतही लक्षात ठेवा: पहिल्या युद्धासाठी 31 ऑगस्ट 1921 पर्यंतचे आणि दुसऱ्यासाठी 31 डिसेंबर 1947 पर्यंतचे मृत्यू, आजारपणाचेसुद्धा.

मग गावाकडून पडताळा. तहसीलच्या अभिलेखागारात कोतवाल बुक, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, मागताना मृत्यूची नोंद शोधू नका, माणूस गावात मेलेलाच नाही. जन्माची शोधा, बापाचं नाव जुळतं का बघा. त्याच्या नावावर वावर असेल तर वारसाचा फेरफार बघा, मृत्यूनंतर दोन-चार वर्षांत तो पडलेला असू शकतो. घरात पदक असेल तर तोंडाकडून नाही, कडेवरून वाचा. पहिल्या युद्धाच्या पदकांच्या कडेवर नंबर, नाव, पलटण ठोकलेली असते. यादीतला नंबर आणि कडेवरचा नंबर जुळला तर वादच मिटला. नुसतं नाव जुळत असेल, दुसरा एकही दुवा नसेल, तर ते नाव दगडावर जाऊ नये. वहीत राहू द्या.

दप्तर_तिसरं
शंभर वर्षांपूर्वीचे तुकाराम शोधा, पण परदेशातली लढाई म्हणजे फक्त गोऱ्यांची का? 1987 ते 1990 श्रीलंकेत भारतीय शांतिसेनेचे बाराशेच्या आसपास जवान गेले. 25 नोव्हेंबर 1987 ला कामी आलेले आणि मरणोत्तर परमवीर चक्र मिळालेले मेजर परमेश्वरन महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे. त्या लढाईतल्या जवानांच्या बायका, पोरं आज हयात असू शकतात, कागद जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून काढता येतो. आधी ती ओळ भरा. ज्याचं कुटुंब समोर बसलंय त्याचं नाव राहून गेलं आणि 1916 चं कोरलं, तर ग्रामसभेत काय उत्तर द्याल?

जुना_सातबारा
मान्य. क्रम उलटा लावतो, श्रीलंका आधी.

मुरूम_गिट्टी
मजकुराचं तुम्ही बघा, दगडाचं मी सांगतो, कारण तीन वर्षांत पाटी वाकली की नावं कोणाची होती हे कोणी विचारत नाही.

आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. दोन फुटांच्या खड्ड्यात चौथरा बांधला की एका कुशीला जातोच. खाली मुरूम लागेपर्यंत खणा. पाच फुटांतही लागला नाही, तर चार फूट काळी काढून बाहेरचा मुरूम भरा, सहा-सहा इंचाचा थर, पाणी मारून धुम्मसानं ठोकून. वर सहा इंच काँक्रीट, मग चौथरा.

फलक काळा ग्रॅनाइट, 20 मिमी जाड. दोन फूट बाय तीन फुटाचा नग 30 किलोच्या वर भरतो, नुसत्या सिमेंटवर चिकटवू नका. चार कोपऱ्यांत स्टेनलेसच्या पिना. लोखंडाच्या घातल्या तर गंजून फुगतात आणि कोपरा फोडतात. पडलेल्या पाट्यांच्या मागे बघा, तांबडा ओघळ दिसेल. अक्षर 25 मिमी उंच, 3 मिमी खोल. त्याहून बारीक केलं तर सँडब्लास्टच्या (वाळूच्या माऱ्यानं कोरायच्या) स्टेन्सिलमध्ये रफार आणि अनुस्वार उडतात. 'मार्तंड'चा 'मातंड' झालेला दगड परत फेकावा लागतो. म्हणून कागदावरची प्रत तपासून थांबू नका, कापलेलं स्टेन्सिल दगडावर चिकटवल्यावर वाचा, तेही घरच्या माणसाकडून. एवढ्या आकारात मथळा धरून अठरा-वीस ओळी बसतात. पाच ओळी मोकळ्या ठेवा, नाव उशिरा सापडतं.

तोंड पश्चिमेला नको. आपल्याकडच्या मे महिन्यात अक्षरात भरलेला रंग दोन-तीन वर्षांत उडतो.

वर्धाकाठ
पडताळ्याबद्दल आणि दगडाबद्दल वाद नाही. पण माझा मुद्दा तिथेच आहे: शिलाफलक वेगळा, हा दगड वेगळा. सरकारी फलकावर एक अक्षरही वाढवायचं नाही. दुसऱ्या दगडावर 'शहीद' नको, 'देशासाठी' नको. नाव, बापाचं नाव, नंबर, पलटण, जागा, तारीख. बस. वाचणाऱ्यानं ठरवावं.

कामठी_लाइन
'शहीद' नको हे चालेल. पण दगड गावाच्या दुसऱ्या टोकाला लावाल तर चालणार नाही, एकाच आवारात हवा. नाहीतर वस्ती वेगळी, मसणवट वेगळी, तसाच दगडही वेगळा होतो.

पऱ्हाटी
हे बराबर बोलला भाऊ.

जुना_सातबारा
मग ठराव असा टाका: 'श्रीलंकेत व दोन्ही महायुद्धांत मृत्यू पावलेले या गावचे जवान', खाली नावं, पंचायतीच्याच आवारात. ग्रामसभेचा कोरम 100 मतदार किंवा 15 टक्के, यातलं कमी ते. 26 जानेवारीच्या सभेत घ्यायचा असेल तर यादी महिनाभर आधी नोटीस बोर्डावर लावा. चुकीच्या वडगावचा तुकाराम असेल तर हरकत तेव्हाच येईल.

वर्धाकाठ
'मृत्यू पावलेले' ठीक. पण सभेत मी विरोधाचं मत नोंदवणार, ते प्रोसिडिंगमध्ये कारणासकट लिहून घ्या.