अमेलोजेनिनची दोन्ही टोकं जुळतात, मधे मात्र सावळागोंधळ, असं का?

उंदीरमामा:
एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी इनॅमल (दातावरचं कडक आवरण) घडवणाऱ्या अमेलोजेनिन या प्रोटीनचे सिक्वेन्स (अमिनो अॅसिडचा क्रम) शेजारी-शेजारी लावून बघतोय, माणूस, गाय, डुक्कर, उंदीर आणि ओपॉसम. सुरुवातीचा भाग जवळपास जसाच्या तसा जुळतो, शेवटचं शेपूटही जुळतं, पण एक्झॉन ६ (जीनचा मधला तुकडा) मधे शिरलं की कुठे गॅप, कुठे रिपीट. माझं अलाइनमेंट गंडलंय का? गाईडना विचारलं तर म्हणाले तूच शोध 😐

प्रथिनपुराण:
नाही रे, असंच दिसतं ते. मधल्या पट्ट्यात प्रोलिन आणि ग्लुटामिनचा नुसता भरणा, तिथे तीन-तीन अमिनो अॅसिडचे तुकडे वाढले काय नि गळले काय, फारसं अडत नाही. टोकांना मात्र ठरलेली कामं आहेत, सुरुवातीच्या भागाने रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे बारीक गोळे होतात आणि शेपटाचा भाग पाणी धरणारा, चार्ज असलेला, तो खनिजाला लागतो. मग एमएमपी२० नावाचं एन्झाइम हे प्रोटीन तोडत जातं, प्रोटीन निघून गेल्यावरच खनिजाचे क्रिस्टल जाड होतात, म्हणून तर तयार इनॅमलचं वजन ९५ टक्क्यांच्या वर खनिजाचंच.

दाढदुखी:
मी डेंटिस्ट, त्यामुळे माझा पुरावा क्लिनिकचा. ४१ व्या जागेवरचं प्रोलिन जाऊन थ्रिओनिन आलं, बस एवढंच, की इनॅमल पिवळं-तपकिरी आणि ठिसूळ. एमएमपी२० ला तिथे नीट तोडता येत नाही ना. आणि हा जीन एक्स क्रोमोसोमवर असल्यामुळे मुलाच्या सगळ्या दातांचं इनॅमल खराब असतं पण आईच्या दातांवर नुसते उभे पट्टे दिसतात, चांगल्या आणि खराब इनॅमलचे आलटून पालटून. बघायचंच तर आईचं तोंडही बघा!

कोकणचा_बाब्या:
उलटी बाजूपण टाक की. ज्यांना इनॅमल लागतच नाही त्यांच्यात जीन मोडतात. आपल्याकडचं खवल्या मांजर घे, दातच नाहीत, आणि त्याच्या एनॅमेलिनच्या (इनॅमल घडवणारं दुसरं प्रोटीन) जीनमधे मोडतोड झालेली. बलीन देवमाशांचंही (दातांऐवजी तोंडात गाळणीसारख्या झालरी असलेले) तेच, एमएमपी२० मधे तर सगळ्यांच्यात एकच उपरा डीएनए तुकडा घुसलाय, म्हणजे पूर्वजातच बिघडलं. तरी गर्भात दाताचे कोंब येतात नि विरघळतात.

उंदीरमामा:
भारी! पण डॉक्टर, काही पेपरमधे तेच म्युटेशन ७० व्या जागी दिलंय?

दाढदुखी:
तेच आहे, मोजायची पद्धत वेगळी. सिग्नल पेप्टाइड (प्रोटीनच्या सुरुवातीचा, नंतर कापला जाणारा तुकडा) आणि एक्झॉन ४ चा तुकडा धरला की आकडा पुढे सरकतो. तू कुठून मोजलंस ते रिपोर्टमधे आधी लिही, नाहीतर व्हायवाला तिथेच अडवतील.