मदत हवी आहे: बेळगावात राहून ताजी क्राफ्ट बिअर मिळवायची कशी?

नमस्कार मंडळी,

राहणार टिळकवाडी, बेळगाव. प्रश्न बिअरचा आहे, पण स्वस्तात जास्त कुठं मिळते असा नाही. त्यावर चर्चा खूप झाल्यात.

मला हवंय ते एवढंच. महिन्यातल्या एखाद्या शनिवारी आम्ही चार मित्र जमतो, तेव्हा प्रत्येकाला एखादा ग्लास क्राफ्ट बिअर, म्हणजे छोट्या कारखान्यात नीट बनवलेली बिअर, मिळावी. हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांचा) वास दरवळणारी आयपीए, नाहीतर गव्हाची, नाहीतर दाट काळी स्टाउट. ती ताजी असावी, कायद्यात बसावी आणि खिशाला झेपावी. यातल्या दोन गोष्टी जमतात, तिसरी कुठंतरी अडतेच.

ही गोडी मला पुण्यात लागली. २००९ मध्ये डूलालीनं तिथं मायक्रोब्रुअरी सुरू केली, देशातल्या अगदी सुरुवातीच्यांपैकी एक, मग बाकीचे आले. ज्या टाकीत बिअर बनली तिच्या पलीकडच्या टेबलावर बसून ती प्यायची, हे तिथं कळलं. बेंगळूरात २०१० साली टॉइट आलं आणि पुढच्या काही वर्षांत ते शहर या बाबतीत पुण्याच्याही पुढं गेलं. आई-वडिलांसाठी मी बेळगावला परत आलो, त्याचा आनंदच आहे. पण इथून पुणे साडेतीनशे किलोमीटर आणि बेंगळूर पाचशे. एका ग्लासासाठी रात्रभर बसमध्ये बसायचं वय आता राहिलं नाही.

गोवा जवळ आहे, हे सगळे सांगतात. चोर्ला घाट उतरून साखळी-डिचोलीकडं गेलं की लाटंबार्से काही लांब नाही, तिथं 'माका दी' बनते. पुढं बार्देशात सांगोल्ड्याला गोवा ब्रुइंग कंपनी आहे, त्यांची 'एट फिंगर एडी' ही आयपीए मला फार आवडते. अंतर बघितलं तर आमच्या घरापासून हे कारखाने बेंगळूरच्या कुठल्याही कारखान्यापेक्षा कितीतरी जवळ. पण कॅनवर 'फक्त गोव्यात विक्रीसाठी' छापलेलं असलं की ती बिअर घाट चढून वर आणायची सोय नाही. कणकुंबीला अबकारी खात्याचा नाका आहे, अनमोडलाही आहे. गोव्याचा माल सापडला तर माल जातोच, गाडीसुद्धा जप्त होते आणि गुन्हा दाखल होतो. 'सीटखाली टाका, कोण बघतंय', 'टेम्पोवाल्याकडून मागवा' असले सल्ले कृपया देऊ नका. मला ते करायचं नाही, आणि चार मित्रांपैकी दोघं सरकारी नोकरीत आहेत.

मग तिथंच जाऊन पिऊन यावं म्हटलं, तर हिशेब बघा. पणजी चोर्ल्यावरून सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर. जाऊन-येऊन अडीचशे. गाडी लिटरला पंधरा देते, म्हणजे सोळा-सतरा लिटर पेट्रोल, सोळा-सतराशे रुपये. पिऊन घाट चढणं माझ्या तत्त्वात बसत नाही. कायद्यातही बसत नाही, रक्तात १०० मिलीलिटरमागे ३० मिलिग्रॅम अल्कोहोलच्या वर गेलं की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागतं, पहिल्याच वेळी दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणजे मुक्काम आला. दोन खोल्या साध्यातल्या साध्या धरल्या तरी चारेक हजार. पहिला ग्लास हातात यायच्या आधीच माणशी चौदाशे रुपये गेले. वर्षातून एकदा ठीक आहे, तेव्हा मासे खाणं होतं, समुद्र होतो. दर महिन्याला नाही परवडत. आणि पावसाळ्यात तो घाट, ते खड्डे, ते धुकं... घरचे जाऊच देत नाहीत.

आता उरलं आपलं गाव. कर्नाटकात सगळा माल राज्य सरकारच्या केएसबीसीएल या महामंडळाच्या डेपोतून दुकानात येतो. कंपनीला आपलं लेबल राज्यात मंजूर करून घ्यावं लागतं, त्याची फी भरावी लागते. छोट्या कंपन्या हे बेंगळूरच्या खपावर नजर ठेवून करतात. त्यात करही चढत गेला. बिअरवरचं अतिरिक्त उत्पादन शुल्क २०२३ च्या जुलैतल्या अर्थसंकल्पात १७५ टक्क्यांवरून १८५ टक्के झालं, जानेवारी २०२५ मध्ये १९५ टक्के. जी बिअर मुळातच महाग माल वापरून बनते तिच्यावर हे टक्के बसले की भाव कुठं जातो ते सांगायला नको. भाव मी सोसतो एक वेळ. राग येतो तो शिळ्या मालाचा.

मागं कॅम्पातल्या एका दुकानात आयपीएचे कॅन दिसले. छापील किमतीला घेतले, एक रुपया कमी नाही. घरी येऊन तळाशी छापलेली तारीख बघितली तर आठ महिने होऊन गेलेले. कॅन फोडला. फेस आला तो साबणासारखा मोठ्या बुडबुड्यांचा, आणि लगेच बसला. रंग सोनेरी हवा, तो काढ्याकडं झुकलेला. वासात संत्र्याची साल, आंबा असलं काही नाही, नुसता ओल्या पुठ्ठ्याचा वास. मागून एक उग्र गोडवा. ज्यानं ही बिअर मन लावून बनवली त्याच्यावर हा अन्याय आहे असं मला खरंच वाटलं. बनवणाऱ्याचा त्यात काही दोष नाही. हॉप्समधली सुगंधी तेलं उष्णतेनं आणि ऑक्सिजननं भराभर खराब होतात. तीन दिवस ३२ अंशांत, तीस दिवस २२ अंशांत आणि तीनशे दिवस फ्रिजमधल्या ३-४ अंशांत ठेवलेल्या बिअरची अवस्था साधारण सारखीच होते, असा बिअरवाल्यांचा ढोबळ नियम आहे. आमच्याकडचा एप्रिल आणि दुकानामागचं पत्र्याचं गोडाऊन डोळ्यांसमोर आणा. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "साहेब, बिअर थंडच देतोय की!" विकताना थंड असते हो, पण आधीचे आठ महिने?

दुसऱ्या एका दुकानदारानं मात्र नीट ऐकून घेतलं. तो म्हणतो, कर्नाटकात मंजूर असलेला कुठलाही ब्रँड मी डेपोतून मागवतो, पण पेटी पूर्ण उचलायची. त्याचंही बरोबर आहे, एक कॅन विकून बाकीचे तेवीस त्यानं कुणाला द्यायचे? पण चोवीस कॅन आम्ही चौघं संपवेपर्यंत पाच-सहा महिने जाणार, आणि घरच्या फ्रिजमध्ये दूध-भाजीला जागा ठेवून ते कुठं मावणार?

आणखी एक विषय यातच विचारतो. माझा मावसभाऊ बेल्जियमला असतो, दिवाळीला येणार आहे. तिथल्या सेंट-सिक्स्टस मठातले साधू वेस्टव्हलेटरेन नावाची बिअर बनवतात. मठ चालण्यापुरतीच बनवायची, जास्त नाही, असा त्यांचा नियम. पूर्वी फोन लावून, गाडीचा नंबर देऊन पेटी राखून ठेवावी लागे, २०१९ पासून ऑनलाइन नोंदणी आहे. घेतलेली बिअर पुढं विकायची नाही अशी अट असते. जगभरचे लोक तिच्यासाठी धडपडतात. भाऊ म्हणतो, नंबर लागला तर आणतो. विमानतळावर माणशी दोन लिटर दारू शुल्कमाफ आहे. ३३० मिलीच्या सहा बाटल्या म्हणजे १.९८ लिटर, बरोब्बर बसतात. तो मुंबईला उतरून रस्त्यानं बेळगावला येणार. पुढं महाराष्ट्रातून कर्नाटकात येताना या सहा बाटल्यांचं काय?

तर माझे प्रश्न. इथल्या किंवा हुबळी-धारवाडच्या दुकानातून कुणी अशी पेटी मागवली आहे का, आणि हातात पडली तेव्हा तारीख काय होती? हुबळी किंवा कोल्हापुरात जागेवर बनवलेली बिअर देणारं ठिकाण असेल तर कुणी स्वतः पिऊन आलंय का? लाटंबार्श्याला कारखान्यावर बसून चव घ्यायची सोय आहे का? घरी थोडीशी बनवण्याबद्दल कायदा काय म्हणतो? आणि त्या सहा बाटल्यांचं वर लिहिलंच आहे.

'किंगफिशर प्या आणि गप्प बसा' असं म्हणणाऱ्यांना नमस्कार. तीही पितो, उन्हाळ्यात छान लागते. पण हा प्रश्न वेगळा आहे.

प्रतिसाद: खानापूरकर

दादा, नाक्याबद्दल लिहिलंस ते शंभर टक्के बरोबर. आमच्या भागातली कितीतरी पोरं दोन बाटल्यांपायी गाड्या अडकवून बसलीत. कोर्टाच्या तारखा, वकील, गाडी पावसात गंजत पडलेली. सणाला पाहुणे गोव्याहून येतात तेव्हाही मी आधी फोन करून सांगतो, काही आणू नका.

एक भर घालतो. शिनोळी जवळ आहे म्हणून लोक तिकडचं आणतात आणि समजतात की हे गोव्याचं नाही, चालतंय. तो महाराष्ट्राचा माल आहे, त्यावर इकडचा कर भरलेला नाही. नियम तोच. कर्नाटकातच घेतलेली बिअर मात्र माणशी १८.२ लिटरपर्यंत घरात ठेवता येते, त्यामुळे पेटी घेतलीस तर त्याची काळजी नको. बिल तेवढं जपून ठेव.

घरी बनवायचं डोक्यातून काढ. १९६५ चा कर्नाटक अबकारी कायदा आहे, परवान्याशिवाय बनवणं हाच गुन्हा. थोडी की जास्त, घरच्यासाठी की विकायला, हे नंतरचं.

प्रतिसाद: पुण्याहून

दादा, मी या धंद्यात काही वर्षं काम केलंय, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

तुम्ही बेळगावात बसून आयपीएच्या मागे लागलात तर दहातल्या आठ वेळा निराशाच होणार. ती प्रवास न सोसणारी बिअर आहे. गव्हाची त्याहून नाजूक. तुमच्या परिस्थितीत टिकणाऱ्या जाती निवडा. जास्त अल्कोहोलची गडद बेल्जियन पद्धतीची बिअर, तगडी स्टाउट, या जुन्या झाल्या तरी पुष्कळ काळ चांगल्या राहतात, काही तर मुरतात. भावाच्या त्या मठातल्या बाटल्यांचंही तसंच. त्यातली 'बारा' नंबरची सुमारे दहा टक्के अल्कोहोलची असते आणि तिच्यात बाटलीतच पुन्हा आंबवण होतं. दिवाळीला सगळ्या उघडू नका. दोन आत्ता, बाकीच्या अंधाऱ्या थंड कपाटात उभ्या ठेवा. आडव्या नकोत, तळाचा गाळ हलतो.

आयपीए प्यायचीच असेल तर विकत घ्यायच्या आधी कॅन उलटा करून तारीख बघा. तीन महिन्यांच्या वर असेल तर ठेवून द्या, दुकानदार काही म्हणू दे. काचेची बाटली असेल तर तपकिरीच घ्या. हिरव्या किंवा पारदर्शक काचेतून उजेड आत जातो आणि हॉप्समधल्या द्रव्यांपासून घाण वास तयार होतो, त्याला ट्यूबलाइटखालचं शोकेससुद्धा पुरतं.

पुण्याहून ग्राउलर (ताजी बिअर भरून न्यायची मोठी बाटली) भरून न्यायचा विचार कुणी सुचवेल. न गाळलेली बिअर असते, गाडीच्या डिकीत सहा तासांत तिची वाट लागते. शिवाय कोगनोळीला हद्द ओलांडलीत की वर खानापूरकरांनी सांगितलेला नियम आहेच.

भावाच्या बाटल्यांबद्दल: महाराष्ट्रात दारू जवळ बाळगायला परवाना लागतो. एक दिवसाचा पाच रुपयांना मिळतो, आजन्म हजार रुपयांना. तो त्याच्या नावावर काढून ठेवा. कर्नाटकात आणण्यासाठी तुमच्याकडच्या अबकारी उपायुक्तांच्या कार्यालयात आत्ताच लेखी अर्ज द्या, खरेदीचं बिल आणि बोर्डिंग पास जोडता येईल असं लिहा. तोंडी 'चालतंय हो' वर जाऊ नका.

प्रतिसाद: हुबळीवाला

आम्ही इथं आठ जणांचा गट केलाय. दर दोन महिन्यांनी एक पेटी. पैसे आगाऊ दुकानदाराला देतो, त्यामुळे त्याला माल पडून राहायची भीती नाही. अट एकच घातली: पेटी डेपोतून आली की त्याच दिवशी फोन करायचा, गोडाऊनला लावायची नाही. संध्याकाळी आम्ही उचलतो, तीन-तीन कॅन प्रत्येकाच्या फ्रिजमध्ये जातात. मागच्या पेटीवर दीड महिन्यापूर्वीची तारीख होती. पाऊस-थंडीत मागवतो, मार्च ते मे बंद. ब्रँडची नावं इथं लिहीत नाही, मंजूर यादी बदलत असते. तुमच्या दुकानदाराला डेपोच्या यादीत बघायला सांगा, त्याला ती दिसते.

धागालेखक

सगळ्यांचे मनापासून आभार.

खानापूरकर, घरी बनवण्याचा विषय संपला माझ्यासाठी. ताई, जात निवडण्याचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. आम्ही वासाच्या नादानं आयपीएच शोधत बसलो होतो. अर्ज या आठवड्यात देतो, उत्तर लेखी आलं की इथं टाकतो, म्हणजे परदेशातून येणारं माणूस घरात असलेल्या बाकीच्यांनाही उपयोग होईल.

हुबळीवाले, तुमची पद्धत मला पटली. चौघांचे आठ करायला हवेत. टिळकवाडी, शहापूर, अनगोळ, वडगाव भागातलं कुणी असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा. एकवीस पूर्ण हवीत, आणि पैसे आगाऊ द्यायची तयारी हवी. पहिली पेटी स्टाउटची मागवावी असं म्हणतोय, पाऊस सुरू झाल्यावर. हुबळीवाले, एक विचारायचं राहिलं: डेपोतून पेटी यायला तुमच्या दुकानदाराला साधारण किती दिवस लागतात, आणि यादीत नाव असूनही माल नाही असं झालं तर आगाऊ पैसे परत देतो की पुढच्या पेटीला धरतो?