दोघांसाठी बेटावरचं रिसॉर्ट: चांगलंही आणि झेपणारंही. तुमचे अनुभव लिहा

धाकट्या भावाचं लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तावर आहे. आम्ही छत्रपती संभाजीनगरचे. भावाने आणि होणाऱ्या भावजयीने समुद्र पाहिलाय तो गणपतीपुळ्याला, तोही शाळेच्या सहलीत. आता दोघांना बेटावर जायचंय, आणि राहायचं ते चांगल्या रिसॉर्टमध्येच. विमानासकट दोघांचे मिळून दीड लाख, ताणून पावणेदोन. फोटोंत सगळीच रिसॉर्ट सारखी दिसतात. ज्यांनी पदरचे पैसे घालून राहून पाहिलंय, त्यांनी मोकळेपणाने लिहावं. काय चुकलं तेही लिहा, उलट तेच जास्त लिहा.

लातूर, शिक्षिका

आम्ही 2023 च्या दिवाळीच्या सुट्टीत अंदमानला, स्वराज द्वीपला गेलो. जुनं नाव हॅवलॉक. लातूरकरांना विमानासाठी मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ. रात्रीच्या बसने गेलो. पण आमचं विमान दुपारी उतरलं तेव्हा बेटावर जाणारी शेवटची बोट सुटलेली होती. ती रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढली, आणि रिसॉर्टच्या पहिल्या रात्रीचं भाडं वाया गेलं. विमान सकाळी उतरणारंच घ्या.

आता खरी गोष्ट. आम्ही जास्तीचे पैसे देऊन अगदी समुद्रासमोरचं कॉटेज घेतलं होतं. सकाळी उठलो तर पाणी पायरीशी आलेलं. ह्यांचा आनंद काय सांगू! नाश्ता करून पोहायच्या तयारीने आलो तर समुद्र जागेवर नाही. दोनशे पावलं मागे गेलेला, मध्ये सगळे काळे खडक आणि मेलेली प्रवाळं. मांजरा धरणाचं पाणी मागे सरताना आपण पाहतो, पण त्याला अख्खा उन्हाळा लागतो. इथे चार-पाच तासांत! भरती-ओहोटी पुस्तकात शिकवणारी मी, पण रिसॉर्ट निवडताना ती डोक्यातच आली नाही.

तो किनारा बेटाच्या पूर्वेचा, विजयनगरच्या बाजूचा. बरीच रिसॉर्ट त्याच बाजूला आहेत. पोहायला मऊ वाळू पश्चिमेच्या राधानगरला, आणि सूर्यास्तही तिकडेच. तोही नोव्हेंबरात पाचच्या सुमारास, म्हणून जेवण उरकून चारलाच निघावं लागतं. आम्हाला चारपैकी दोन दिवस पाऊस लागला. समुद्र शांत हवा असेल तर फेब्रुवारी-मार्च बघा.

शेजारच्या जोडप्याने त्याच रिसॉर्टमध्ये बागेकडचं कॉटेज घेतलं होतं, रात्रीला साडेतीन हजारांनी स्वस्त. दिवसभर बसलो आम्ही चौघं एकाच किनाऱ्यावर. पुन्हा गेले तर बागेकडचंच घेईन, आणि उरलेल्या पैशांत एक रात्र वाढवीन.

नांदेड

ताईंनी बोटीचं लिहिलं, मी मालदीवचं लिहितो. खोलीवर मोठी सवलत दिसली म्हणून लगेच पैसे भरले. नंतर कळलं की ते बेट दूरच्या प्रवाळद्वीपात आहे आणि तिथे सीप्लेननेच, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानानेच जाता येतं. जाऊन-येऊन माणशी साडेचारशे डॉलर. शिवाय सीप्लेन उजेडातच उडतं. आम्ही राजधानी मालेला रात्री उतरलो, म्हणजे विमानतळाजवळच्या हुलहुमालेला एक हॉटेल वेगळं.

तिथे एका बेटावर एकच रिसॉर्ट असतं. बाहेर जाऊन स्वस्तात जेवू म्हणाल तर बाहेर समुद्रच आहे. आमच्या दरात फक्त नाश्ता होता, आणि दोन वेळच्या जेवणाचं बिल पाहून बायको तिसऱ्या दिवशी दुपारी जेवलीच नाही. मला ते अजून लागतं. हौसेने न्यायचं आणि तिने ताटाची किंमत मोजत बसायचं.

आता हिशेब असा करा: खोली, जाण्या-येण्याचा खर्च, तिन्ही वेळचं जेवण, 10 टक्के सेवाशुल्क, पर्यटनावरचा कर (2025 च्या जुलैपासून 17 टक्के) आणि हरित कर, रिसॉर्टमध्ये माणशी रोज 12 डॉलर. ही सगळी बेरीज मागा आणि मगच दोन रिसॉर्टची तुलना करा. मालेपासून स्पीडबोटीने जाता येणारं, जेवणासकटचं रिसॉर्ट वरून महाग दिसतं, पण शेवटी तेच स्वस्त पडतं. नाताळ ते नवीन वर्ष या काळात जाऊ नका. मेजवानीचे पैसे सक्तीने घेतात.

बीड

आम्ही मालदीवलाच, पण माफुशीला गेस्टहाऊसमध्ये राहिलो. हे गावकऱ्यांचं बेट. दारू मिळत नाही, आम्हाला नकोच होती. पोहण्याच्या कपड्यांसाठी वेगळा किनारा ठरवून दिलेला आहे, बाकी गावात अंगभर कपडे. एक दिवस पैसे भरून जवळच्या रिसॉर्टवर गेलो, संध्याकाळी परत. थाट पाहायला तेवढा एक दिवस पुरला.

आम्ही दोघंही माळकरी. नाश्त्याला खोबऱ्याच्या किसासारखं काहीतरी येतं, त्याला मास हुनी म्हणतात. त्यात टूना मासा असतो. विचारल्याशिवाय घेऊ नका.

धाराशिव

एक महत्त्वाचं. मालदीवमध्ये पूजेच्या मूर्ती न्यायला बंदी आहे. आमच्या हिच्या पर्समध्ये देवीची लहानशी मूर्ती कायम असते, ती निघताना आठवणीने घरी ठेवली. आणि प्रवासाआधी 96 तासांत भरायचा ऑनलाइन फॉर्म फुकट आहे, त्याचे कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

जालना

लग्नाला 25 वर्षं झाली म्हणून मुलांनी मॉरिशसला पाठवलं. जून महिना. रिसॉर्ट पूर्व किनाऱ्यावरचं, देखणं. पण त्या महिन्यांत आग्नेयेकडून वारा येतो आणि पूर्वेला तो सरळ अंगावर. पाणी गार, खुर्चीवर टॉवेल टिकत नव्हता. चौथ्या दिवशी पश्चिमेला फ्लिक-आं-फ्लाकला गेलो तर तिथे समुद्र तळ्यासारखा! तेच बेट, दीड तासाचं अंतर. तेव्हा बेट निवडलं की काम संपलं असं समजू नका, त्या महिन्यात वारा कुठल्या बाजूला येतो ते बघा.

बजेटात हे बसणं अवघड आहे, तरी लिहिते, कारण टॅक्सीवाल्याचे पणजोबा रत्नागिरीकडचे निघाले. त्याला मराठी मोडकीतोडकी येत होती, आरती मात्र पाठ. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते म्हणाला. सकाळची दोन तासांची सहल ठरली होती, त्याने आम्हाला संध्याकाळी जेवायला घालूनच सोडलं.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. भावाला वाचून दाखवलं. अंदमान ठरतंय, फेब्रुवारीत, बागेकडचं कॉटेज, सकाळचं विमान. लातूरच्या ताई, ओहोटीचं काय करायचं? तारखा कशा निवडू?

लातूर, शिक्षिका

हे आम्हाला तिथल्या बोटवाल्याने सांगितलं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी खूप चढतं आणि तितकंच मागे जातं. अष्टमीच्या आसपास ते कमी हलतं. भिंतीवरचं कॅलेंडर काढा, फेब्रुवारीतल्या दोन्ही अष्टम्या बघा, आणि मुक्काम अष्टमी ते एकादशी असा बसवा. रिसॉर्टला फोन करून एवढंच विचारा, ओहोटीलाही कंबरभर पाणी मिळतं का. जिथे या प्रश्नाचं सरळ उत्तर देतील, तिथेच पैसे भरा.