अंगावर पिणाऱ्या बाळाला दुधाची ॲलर्जी: आईने तूपही सोडावे काय?

नवी आई, मनीषनगर

नमस्कार. माझी मुलगी अडीच महिन्यांची असून ती केवळ माझ्याच दुधावर आहे. गेल्या काही दिवसांपासून तिच्या शीमध्ये चिकट आव आणि मधूनमधून रक्ताची बारीक रेघ दिसते. वजन व्यवस्थित वाढते आहे, तापही नाही. बालरोगतज्ज्ञांनी तपासून गुदद्वाराला चीर नसल्याची खात्री केली, गाईच्या दुधातील प्रथिनांची ॲलर्जी असावी असे सांगितले आणि मला दुधाचे पदार्थ बंद करायला लावले. सासूबाईंच्या मते बाळंतिणीने तूप सोडले तर दूध आटते. शेजारच्या काकू तर अंगावरचे बंद करून बकरीचे दूध देण्याचा सल्ला देतात. त्यातच मे महिन्याच्या या उन्हात ताकाशिवाय जेवण घशाखाली उतरत नाही. नेमके काय सोडावे आणि किती काळ?

आहारतज्ज्ञ, रामदासपेठ

ताई, अंगावरचे पाजणे मुळीच थांबवू नका. तुम्ही घेतलेल्या दुधातील प्रथिनांचा अत्यल्प अंश तुमच्या दुधात उतरतो आणि एखाद्या बाळाच्या आतड्याला तेवढाही सोसत नाही. वरचे दूध दिल्यास तीच प्रथिने कितीतरी अधिक प्रमाणात थेट बाळाच्या पोटात जातील. बकरीच्या आणि म्हशीच्या दुधातील प्रथिने गाईच्या दुधाशी इतकी मिळतीजुळती असतात की त्या बदलाने काहीच साधत नाही. लॅक्टोजविरहित दुधाचाही येथे उपयोग नाही, कारण लॅक्टोज ही साखर आहे, ती आईच्या स्तनातच तयार होते आणि आईच्या ताटाशी तिचा संबंध नसतो.

लोणी कढवताना बहुतेक प्रथिने बेरीत जातात, तरी थोडा अंश तुपात उरू शकतो, विशेषतः घरच्या तुपात. त्यामुळे चाचणीपुरते, म्हणजे दूध सोडून फरक पडतो का हे पाहण्याच्या काळापुरते, तेही बंद ठेवावे. सासूबाईंना सांगा की दूध किती येणार हे मुख्यतः बाळ किती वेळा आणि किती नीट ओढते यावर ठरते. चाचणीचा काळ साधारण २ ते ४ आठवड्यांचा असतो.

दोन लेकरांची आई, महाल

दूध, दही, पनीर डोळ्यांना दिसते, म्हणून ते सोडणे सोपे जाते. खरी अडचण बिस्किटे, ब्रेड, बाजारची सूप आणि बाळंतपणाची शक्तिवर्धक पावडर यांची असते. पाकिटावर दुधाची भुकटी, व्हे, केसीन (ही दोन्ही दुधातलीच प्रथिने) यांपैकी काही आहे का ते वाचावे. कोणी संत्रा बर्फी आणली तर तिच्यात बहुधा खवा असतो. आपल्याकडच्या जेवणात मात्र सोय पुष्कळ आहे: झुणका-भाकर, पाटवडी रस्सा, जवसाची चटणी, तेलाची फोडणी घातलेला गोळाभात (सोबतची कढी तेवढी वगळायची). डिंकाचे लाडू तुपाऐवजी तिळाच्या तेलात वळता येतात. ताकाच्या जागी कैरीचे पन्हे घ्यावे. आंबिलीत ताक घालतात, हे विसरू नये.

एक आजी, खामला

रक्ताच्या एकदोन रेघा दिसल्या म्हणून पाजणाऱ्या बाईचे अर्धे ताट काढून घ्यावे, हे मला पटत नाही. पुष्कळ बाळांचे असे आपोआप थांबलेले मी पाहिले आहे. पोरगी उपाशी राहील त्याचे काय?

आहारतज्ज्ञ, रामदासपेठ

आजी, तुमची शंका योग्य आहे. सौम्य त्रास काही बाळांत आपोआप थांबतो, आणि म्हणूनच केवळ दूध सोडल्यावर रक्त थांबले एवढ्यावरून निदान पक्के होत नाही. चाचणीनंतर आईने डॉक्टरांच्या सल्ल्याने दुधाचे पदार्थ पुन्हा सुरू करून पाहावेत. त्रास परत आला तर ॲलर्जी मानावी. नाही आला तर ताट पूर्ववत करावे. हा दुसरा टप्पा बहुतेक घरांत राहूनच जातो आणि आई विनाकारण महिनोन्महिने पथ्य पाळत बसते. ॲलर्जी खरी असली तरी बहुतेक बाळांना वर्षभराच्या आसपास दूध सोसू लागते. दूध सोडूनही फरक पडला नाही, तर सोया, अंडी, गहू असे एकामागून एक आपल्या मनाने बंद करत जाऊ नये.

उपाशी राहण्याचा प्रश्न मुख्यतः कॅल्शियमचा आहे. पाजणाऱ्या आईला दिवसाला सुमारे १२०० मिलिग्रॅम लागते. १०० ग्रॅम नाचणीत अंदाजे ३५० मिलिग्रॅम असते; तीळ आणि शेवग्याचा पालाही उपयोगी आहे. तरीही दूध बंद असताना गोळी घ्यावीच, मात्र लोहाच्या गोळीसोबत नको, दोन्हींत काही तासांचे अंतर असावे.

बाळाला हिरवी उलटी झाली, पोट फुगले, ताप आला, ते मलूल पडले किंवा रक्त वाढले, तर पथ्याचा विचार बाजूला ठेवून त्याच वेळी मेडिकल, मेयो (नागपुरातील सरकारी रुग्णालये) किंवा जवळ जे रुग्णालय असेल तेथे न्यावे.