मदत हवी आहे: पेशी आवळणाऱ्या नाडीची टोकं कुठे जातात?

दहावीच्या मुलांची घरी शिकवणी घेते. माझा विषय गणित, पण विज्ञानही गळ्यात पडलंय. काल सूत्री विभाजन, म्हणजे एका पेशीच्या दोन पेशी होणं, घेतलं. अंत्यावस्थेपर्यंत, म्हणजे एका केंद्रकाची दोन होईपर्यंत, गाडी सुरळीत गेली. पुढे परिकलविभाजन: प्राणीपेशीच्या परिघावर मधोमध खाच पडते, ती खोल जाते, दोन पेशी होतात. पुस्तकात एवढंच. मी फळ्यावर डमरू काढला आणि म्हटलं, आतून पायजम्याच्या नाडीसारखं एक कडं असतं, ते आवळलं जातं.

दाराशी बसणारा एक जण म्हणाला, "मॅडम, नाडी ओढली की टोकं लांब होऊन बाहेर लोंबतात. हिची कुठे लोंबतात?"

मी "उद्या सांगते" म्हणून सुटले. रात्री पोळ्या करताना कणकेच्या गोळ्यातून अंगठा-तर्जनीत आवळून उंडा तोडला, तेव्हा पुन्हा तेच डोक्यात आलं. उंडा सुटताना बारीकशी शेपटी ताणली जाते आणि तुटते. पेशीचंही असंच होतं का? आणि आवळायचं नेमकं मधोमध, हे पेशीला कोण सांगतं? कृपया नुसतं "अ‍ॅक्टिन-मायोसिन" अशी दोन प्रथिनांची नावं सांगून सोडू नका, तेवढं मलाही सापडलं.

काचपट्टी:
त्या मुलाला माझ्याकडून शाबासकी द्या. कडं म्हणजे एक लांब दोरी नव्हेच. पटलाच्या, म्हणजे पेशीच्या बाहेरच्या पातळ आवरणाच्या, आतल्या बाजूला अ‍ॅक्टिनचे आखूड आखूड तंतू आडवे पडलेले असतात. एकेक तंतू जेमतेम ७ नॅनोमीटर जाड. मायोसिन त्यांना धरून एकमेकांवरून सरकवतं. स्नायू आकुंचन पावतो त्यातलीच ही जोडी, फक्त मायोसिनचा प्रकार वेगळा आणि रचना स्नायूइतकी शिस्तीची नाही.

आता टोकांचं. कडं लहान होत जातं तसे तंतू सुटे होऊन पेशीद्रव्यात परत जातात. टॉमस श्रोडर यांनी १९७२ मध्ये सी-अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या अंड्यांवर हे मोजून दाखवलं: घेर कमी होतो पण कडं जाड होत नाही, म्हणजे एकूण मालच कमी होत जातो. नाडी ओढता ओढता विरघळते म्हणा.

आणि खरंच मायोसिनच ओढतं का? जपानमध्ये माबुची आणि ओकुनो यांनी १९७७ मध्ये तारामाशाच्या भ्रूणपेशींत मायोसिनविरुद्धची प्रतिपिंडं टोचली. केंद्रकं दुभंगत राहिली, पेशी मात्र दुभंगेनात.

फुगेवाला:
मी फुगा मधोमध आवळून बघितला, फुटला. गणितवाल्या ताई, तुम्हीच करा हिशेब: एका गोलाचे तेवढ्याच एकूण घनफळाचे दोन गोल केले तर पृष्ठफळ किती वाढतं?

धागाकर्ती:
२ चं घनमूळ, म्हणजे १.२६ पट. २६ टक्के जादा पटल लागणार! ते कुठून आणतात?

काचपट्टी:
काही आधीच्या सुरकुत्या उलगडून, काही आतल्या पिशव्या पटलाला येऊन मिळतात त्यातून. आवळणं आणि पटल पुरवणं हे एकत्र चालतं.

आता "मधोमध"चं. यावरचा माझा आवडता प्रयोग १९६१ चा, अमेरिकेतल्या रे रॅपपोर्ट यांचा. त्यांनी सँड डॉलर या चपट्या समुद्री प्राण्याचं फलित अंडं घेतलं आणि काचेचा मणी दाबून त्याचा मेदूवडा केला. भोकवाला. पहिल्या विभाजनात वडा एकाच बाजूला कापला गेला. उरली घोड्याच्या नालेसारखी एक पेशी, दोन्ही बाजूंना एकेक केंद्रक. दुसऱ्या वेळी दोन्ही बाजूंना तुर्कतंतू (गुणसूत्रं दोन टोकांना नेणारे धागे) तयार झाले आणि आपापल्या मधोमध खाचा पडल्या. पण तिसरी खाचही पडली, नालेच्या वळणावर. तिथे ना गुणसूत्रं, ना तुर्कतंतू! होते फक्त दोन्हीकडून येऊन भेटणारे तुर्कतंतूंच्या टोकांशी असणाऱ्या तारककेंद्रांभोवतीचे किरण, म्हणजे सूक्ष्मनलिका, पेशीतल्या बारीक प्रथिननळ्या. म्हणजे गुणसूत्रं हुकूम सोडत नाहीत. सूक्ष्मनलिका जिथे समोरासमोर येतात तिथल्या पटलाला "इथे" असा निरोप जातो. हल्ली त्या निरोप्याचं नाव माहीत आहे, ऱ्हो-ए. हे प्रथिन त्या पट्ट्यात जागं झालं की अ‍ॅक्टिनचे तंतू विणले जातात आणि मायोसिन कामाला लागतं.

धागाकर्ती:
मेदूवडा मुलांच्या कायमचा लक्षात राहील. शेपटीचं राहिलं.

काचपट्टी:
कणीक आणि पेशी इथे वेगळ्या वाटेने जातात. कडं पूर्ण मिटत नाही. मध्ये सूक्ष्मनलिकांची घट्ट जुडी अडकलेली असते, तिच्याभोवती बारीक पूल उरतो. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींत खाच काही मिनिटांत खोल जाते, पण हा पूल तासभर, कधी जास्तही टिकतो. सूक्ष्मदर्शकाखाली दोन पेशी लांब सरकलेल्या दिसतात आणि मध्ये केसासारखा धागा, त्यावर बारीकशी गाठ.

तो ओढून तुटत नाही, कापला जातो. एस्कॉर्ट नावाची प्रथिनं आतून मळसूत्रासारखी वळी घालत पूल निमुळता करतात आणि गाठीच्या बाजूला कापतात. गंमत म्हणजे दोन्ही पेशी जोरात ओढत असतील तर कापणं उलट लांबतं, ताण सैल झाला की उरकतं. हीच प्रथिनं एचआयव्हीचा विषाणूही पेशीतून बाहेर सुटण्यासाठी वापरून घेतो.

फुगेवाला:
आणि नाहीच कापलं तर?

काचपट्टी:
कधी शरीर मुद्दामच कापत नाही. शुक्रपेशी तयार होताना पुलांनी एकमेकींना जोडलेल्या राहतात आणि पुलांतून माल वाटून घेतात. यकृतात तर बऱ्याच पेशींत दोन केंद्रकं सापडतात, तिथे केंद्रक विभागलं आणि खाचेचं काम अर्ध्यावर राहिलं. त्या पेशी ठणठणीत असतात.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. आज कणकेचा गोळा घेऊनच वर्गात बसले होते. नाडीवाल्याने विरघळणारी नाडी मान्य केली, पण म्हणतो, "मग पुढच्या वेळी नवी नाडी लागणार." हो म्हटलं, तेच सुटे झालेले तुकडे पुन्हा विणून. यकृताचं मात्र परीक्षेपर्यंत सांगत नाही, नाहीतर बोर्डाच्या पेपरात दोन केंद्रकांची आकृती काढून येतील.